वर्दीतली नायिका कशी जोखावी : लष्करी थरार कादंबरीच्या जमेच्या आणि उण्या बाजू, पायरीपायरीने

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आठ-दहा जण पुस्तकावर बोलायला जमतात. मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही. शेवउसळ तेवढी ठरलेली. मे २०२५ मध्ये कर्नल सोफिया कुरेशी टीव्हीवर ऑपरेशन सिंदूरची माहिती देताना दिसल्या, आणि ही आपल्या वडोदऱ्याची, सयाजीराव विद्यापीठात शिकलेली मुलगी हे गावभर झालं. पुढच्याच बैठकीत फर्माईश आली, की बाई नायिका असलेली एखादी लष्करी थरारकथा घेऊ या. घेतली. आणि भांडलो. निम्मे म्हणाले, ‘काय धाडसी बाई!’ निम्मे म्हणाले, ‘सगळं खोटं.’ दोन तास झाले तरी कोणालाही पानावर बोट ठेवून दाखवता येईना, नेमकं काय जमलं आणि काय फसलं.

मला स्वतःला हा धडा आधीच मिळालेला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी अशाच एका कादंबरीचं परीक्षण लिहिलं आणि ‘पुरुषांनाही लाजवेल असं शौर्य’ हे वाक्य मोठ्या कौतुकाने टाकलं. एका वाचक बाईंचं पोस्टकार्ड आलं. पुरुषांना लाजवायला कोणी फौजेत जात नाही, तिचं काम काय होतं ते लिहिलं असतंत तर बरं झालं असतं, एवढाच मजकूर. ते पोस्टकार्ड मी अजून जपून ठेवलंय. खालची सगळी पद्धत त्यातूनच आली आहे. नायिका शूर आहे का हे शेवटी बघायचं. आधी तिचं काम बघायचं.

उदाहरणासाठी एक कादंबरी मी मनानेच रचते. बाजारात शोधू नका. नायिका मेजर केतकी, ईएमई दलातली, म्हणजे फौजेची वाहनं, तोफा, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातली. ती लडाखमधल्या एका दुरुस्ती कार्यशाळेची प्रमुख आहे. घाटात एका ताफ्यातले तीन ट्रक दरीत जातात. अपघात म्हणून फाईल बंद होते. केतकीला ब्रेकच्या सुट्या भागांचा संशय येतो, आणि ती धागा ओढत जाते. ईएमई मुद्दाम निवडलं. वडोदऱ्यात ईएमई स्कूल आहे, तिथलं ॲल्युमिनियमच्या पत्र्याने मढवलेलं दक्षिणामूर्तीचं देऊळ आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला दाखवायचं असतं, आणि आमच्या मंडळातले निवृत्त सुभेदारसाहेब याच दलातले. थरारकथांना मेकॅनिकची आठवण येत नाही, ही त्यांची कायमची तक्रार.

पायरी १ : पहिलं वाचन, हातात फक्त पेन्सिल

पहिल्यांदा कादंबरी नुसती वाचा. टिपणं नकोत. समासात तीनच खुणा करा. पुस्तक खाली ठेववेना तिथे आडवी रेघ, मन भटकलं तिथे फुली, पटलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून आणलेलं पुस्तक असेल तर अर्थातच समासाला हात लावायचा नाही, कागदाच्या चिठ्ठ्या घाला.

वाचून झालं की पुस्तक चाळा आणि खुणा कुठे गर्दी करतात ते बघा. प्रश्नचिन्हं सुरुवातीला असली तर बहुतेकदा माहिती कच्ची असते. शेवटाकडे असली तर लेखकाला गाठ सुटलेली नसते. फुल्या मधल्या भागात जमतात. तिथे लेखक बंदुकांची वर्णनं करत बसलेला असतो किंवा नायिकेचं बालपण सांगत असतो. एकही आडवी रेघ नसेल तर पुढच्या पायऱ्यांचे कष्ट घेऊ नका. माहिती कितीही चोख असो, थरारकथेने थरारवलंच नाही.

पायरी २ : नायिकेचं सेवापत्रक लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका कोऱ्या पानावर नायिकेची नोकरी मांडायची : देश, साल, दल, हुद्दा, वय, नेमणूक कुठे, हाताखाली किती माणसं, वर कोण. कादंबरीतून मिळेल ते भरा. जे मिळत नाही तो रकाना रिकामा ठेवा. रिकामे रकानेही बोलतात. ‘ती एक धाडसी आर्मी ऑफिसर होती’ एवढंच तीनशे पानांत कळत असेल तर ती आर्मी ऑफिसर नाही, वर्दीचा फोटो आहे.

आता सालं जुळवा. भारतीय लष्करात डॉक्टर आणि नर्स म्हणून स्त्रिया फार आधीपासून आहेत. बाकीच्या दलांत अधिकारी म्हणून त्यांना घ्यायचं १९९२ मध्ये ठरलं, आणि १९९३ मध्ये चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीतून पहिल्या अधिकारी बाहेर पडल्या. तेही ठराविक वर्षांपुरतं, शॉर्ट सर्व्हिस कमिशन (कमिशन म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक). २००८ मध्ये कायमस्वरूपी कमिशन मिळालं ते फक्त कायदा आणि शिक्षण या दोन शाखांना. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बबिता पुनिया प्रकरणात निकाल दिला, तेव्हा कायमस्वरूपी कमिशनही खुलं झालं आणि तुकडीचं नेतृत्व करण्याची संधीही. हवाई दलात पहिल्या तीन लढाऊ वैमानिक जून २०१६ मध्ये आल्या. शिपाई म्हणून मुलींची पहिली तुकडी मिलिटरी पोलीस दलात २०२१ मध्ये तयार झाली. एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुली २०२२ मध्ये शिरल्या आणि त्यांतल्या १७ जणी ३० मे २०२५ रोजी खडकवासल्यातून बाहेर पडल्या. तोफखान्यात पहिल्या पाच महिला अधिकारी एप्रिल २०२३ मध्ये रुजू झाल्या. नियमित पायदळ आणि रणगाडा दलाची दारं मात्र बंदच राहिली.

एवढी यादी हाताशी असली की कितीतरी कादंबऱ्यांचा तोल पहिल्याच प्रकरणात कळतो. २०१० सालच्या कथेत नायिका पायदळाच्या कंपनीची प्रमुख म्हणून सीमेवर हल्ला चढवत असेल, तर लेखकाने चौकशी केलेली नाही. आता यावर आमच्यातली एक एमएसयूची, म्हणजे सयाजीराव विद्यापीठाची, विद्यार्थिनी म्हणाली, ‘मावशी, कादंबरी आहे, कल्पनेला मुभा नको का?’ हवी. लेखकाने ‘समजा असं झालं असतं तर’ असं जग उभं केलं असेल आणि त्या जगात पहिली महिला कंपनी कमांडर होण्याचे पडसाद दाखवले असतील, तर ती जमेची बाजू. काहीच घडलं नाही अशा थाटात पुढे गेला असेल, तर उणीव. अनुवादित कादंबरीला त्या देशाचा हिशोब लावा. अमेरिकेत रेंजर स्कूलमधून पहिल्या दोन स्त्रिया ऑगस्ट २०१५ मध्ये उत्तीर्ण झाल्या आणि त्याच वर्षाअखेर सगळ्या लढाऊ जागा स्त्रियांना खुल्या करण्याचा निर्णय झाला. त्याआधीच्या कथेतली अमेरिकी नायिका वेगळ्या अडचणीत असणार.

हुद्दा आणि वय यांचा मेळही बघायचा. आपल्याकडे लेफ्टनंटचा कॅप्टन दोन वर्षांनी होतो, मेजर सहा वर्षांनी, लेफ्टनंट कर्नल तेरा वर्षांनी. पुढचा कर्नल निवडीने. म्हणजे चोविसाव्या वर्षी कमिशन मिळालेली केतकी तिशीत मेजर होईल, हे ठीक. सत्ताविसाव्या वर्षी कर्नल झालेली नायिका मात्र सरळ वजा करा. तसंच माणसांचं : कंपनीत शंभर-सव्वाशे माणसं आणि वर मेजर, बटालियनमध्ये आठशेच्या आसपास आणि वर कर्नल. मेजरबाई ‘माझी बटालियन’ म्हणत हुकूम सोडत असतील तर प्रश्नचिन्ह.

पायरी ३ : दहा वळणं, आणि ती कोणी घेतली

कथेतली मोठी वळणं अनुक्रमे लिहा, आठ ते दहा पुरेत. प्रत्येकासमोर एकच गोष्ट नोंदवा : हे वळण कशाने आलं? नायिकेच्या निर्णयाने, योगायोगाने, की दुसऱ्या कोणीतरी तिला सांगितल्यामुळे?

केतकीच्या कादंबरीत समजा असं निघालं. ट्रक कोसळतात, ही घटना. ब्रेकच्या पट्ट्या बघून तिला शंका येते, हा तिचा निर्णय. बरोबरचा कॅप्टन तिला एक नाव सांगतो. फोनवरचं बोलणं तिच्या कानावर पडतं, योगायोग. गोदामात ती पकडली जाते. तोच कॅप्टन येऊन सोडवतो. खलनायक स्वतःच कबुली देतो. शेवटी गोळी कॅप्टनच झाडतो. हिशोब केला तर पहिल्या शंकेनंतर बाईंनी काहीही केलेलं नाही! मुखपृष्ठावर ती, पाठराखणीवर ती, आणि कथा चालवतोय कॅप्टन. ही या प्रकारातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात सहज निसटणारी उणीव आहे, कारण नायिका प्रत्येक पानावर असते, पळते, गोळ्या झाडते, आणि वाचताना वाटतं की तीच सगळं करतेय.

उलट, ब्रेकची पट्टी हातात घेतल्यावर झीज कुठल्या बाजूने झाली हे बघून ती भाग खोटा आहे असं ओळखते, मग नोंदवहीतून त्याच खेपेचे भाग कुठल्या कुठल्या गाड्यांना बसले ते काढते, आणि त्यातली एक गाडी त्या क्षणी वरच्या चौकीकडे निघालेली आहे हे तिला कळतं. हा थरार तिच्या पेशातून उगवला. पायदळाच्या अधिकाऱ्याला तो दिसला नसता. असं एक जरी प्रकरण सापडलं तरी परीक्षणात त्याला ठळक जागा द्या.

इथेच एक झटपट कसोटी : नायिकेच्या जागी पुरुष ठेवून चार प्रकरणं मनात वाचा. काहीच बदललं नाही तर लेखकाने फक्त नाव बदललंय. सगळंच कोसळलं, तर तिचं बाईपण हेच एकमेव भांडवल आहे. या कसोटीवर फार विसंबू नका. काही उत्तम प्रकरणं पुरुषाला जशीच्या तशी लागू पडतात, कारण तिथे माणूस आपलं काम करत असतो.

पायरी ४ : शरीर, हवा, यंत्र

सुभेदारसाहेबांची ही आवडती पायरी. त्यांच्याकडून शिकलेलं थोडं इथे देते, बाकी तुमच्या ओळखीतल्या कुठल्याही फौजी माणसाला विचारा. आनंदाने सांगतात; थांबवणं अवघड जातं.

उंचीपासून सुरुवात करा. थरारकथेत नायिका सकाळी दिल्लीहून विमानाने लेहला उतरते आणि रात्री चौदा हजार फुटांवरच्या चौकीकडे धावत सुटते. लेह साडेअकरा हजार फुटांच्या आसपास आहे. फौजेत तिथल्या हवेची सवय व्हायला टप्पे ठरलेले आहेत : नऊ ते बारा हजार फुटांसाठी सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांसाठी आणखी चार, त्याहून वर जायचं तर पुन्हा चार. हे सोडलं तर फुप्फुसात पाणी भरून माणूस मरू शकतो. त्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. कॅप्टन शिवा चौहान जानेवारी २०२३ मध्ये सियाचिनच्या कुमार चौकीवर, १५,६३२ फुटांवर, नेमल्या गेल्या, त्याआधी त्यांनी सियाचिन बॅटल स्कूलमध्ये सुमारे महिनाभर खडतर प्रशिक्षण घेतलं होतं. चांगला लेखक याच नियमातून ताण काढतो. केतकीला वरच्या चौकीवर आत्ता पोहोचायचंय आणि डॉक्टर म्हणतो चार दिवस थांबा. घड्याळ टिकटिकतंय, शत्रू तिचं स्वतःचं रक्त आहे. यापेक्षा चांगला थरार मला तरी सुचत नाही.

थंडीत साधं डिझेल घट्ट होऊन मेणासारखं साकळतं आणि गाडी सुरूच होत नाही. उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल लडाखमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये आलं. कथा कोणत्या सालची, ट्रक जानेवारीत पहाटे एका किल्लीत सुरू होतो का, हे बघा. क्षुल्लक वाटेल, पण ईएमईच्या नायिकेची पहाट याच भानगडीत जाते. लेखकाने ते लिहिलं असेल तर तो कुठेतरी जाऊन, कोणाशी तरी बोलून आलाय हे नक्की.

हत्यारांबाबत दोनच गोष्टी पुरतात. रायफलची गोळी आवाजाच्या वेगाच्या अडीचपट धावते, त्यामुळे दूरून झाडलेली गोळी आधी लागते आणि मग ऐकू येते. ‘गोळीचा आवाज ऐकताच ती बाजूला झाली’ हे वाक्य तीनशे मीटरवरून खरं असू शकत नाही. आणि ९ मिलिमीटरच्या नेहमीच्या लष्करी पिस्तुलात १३ गोळ्या बसतात, तेव्हा बोटं मोजत वाचा. सायलेन्सर लावून ‘फुस्स’ आवाज काढणारी रायफल दिसली तर हसा आणि पुढे चला. तेवढ्यावरून कादंबरी मोडीत काढू नका.

हातघाईच्या प्रसंगांत एक पथ्य पाळा. पंचावन्न किलोच्या नायिकेने नव्वद किलोच्या माणसाला नुसत्या ताकदीने लोळवलं तर विचारा, कसं? तिने जागा वापरली, अंधार वापरला, पाना वापरला, तर पटेल. दुखापत किती प्रकरणं टिकते हेही मोजा. विसाव्या प्रकरणात बरगडी मोडलेली बाई एकविसाव्यात दोर चढते, हे पुरुष नायकही सर्रास करतात. तिच्यावर वेगळा दंड नको.

पायरी ५ : अडथळा कोण आहे

अशा कादंबऱ्यांत एक ठोकळेबाज वरिष्ठ हमखास असतो. मिशीवर ताव देत ‘बायकांचं हे काम नाही’ म्हणतो आणि शेवटच्या प्रकरणात सलाम ठोकतो. असा माणूस नसतोच असं नाही. पण खरा अडथळा बहुतेकदा चेहरा नसलेला असतो, फाईलमध्ये असतो.

सर्वोच्च न्यायालयातल्या दोन प्रकरणांचे तपशील एखाद्या कादंबरीकाराने वाचावेत असे आहेत. २०२० च्या सुनावणीत सरकारच्या वतीने मांडणी झाली होती की खेड्यापाड्यांतून आलेले जवान स्त्रीचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत. न्यायालयाने ती फेटाळली आणि निकालात महिला अधिकाऱ्यांच्या कामगिरीची यादीच दिली. त्यात आपल्या सोफिया कुरेशी आहेत : २०१६ मध्ये पुण्यात झालेल्या अठरा देशांच्या सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व करणारी पहिली महिला अधिकारी म्हणून. पुढे मार्च २०२१ च्या निकालात आणखी बारीक गोष्ट पुढे आली. कायमस्वरूपी कमिशनसाठी चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना जी वैद्यकीय पातळी लावली जात होती, ती त्यांच्या पुरुष सहकाऱ्यांनी पंचविशी-तिशीतच पार केली होती. शिवाय त्यांचे जुने गोपनीय अहवाल लिहिले गेले तेव्हा त्यांना पुढे काही मिळणारच नाही असं गृहीत होतं, त्यामुळे शेरेही वरवरचे. कोणी दुष्ट नव्हतं. कागद मात्र पक्षपाती निघाले.

हे डोक्यात ठेवून खलनायकाकडे बघा. केतकीच्या अहवालात सहा वर्षांपूर्वी कोणीतरी सवयीने ‘ठीक’ लिहिलंय, आणि आज तिने ब्रेकचा मुद्दा मांडल्यावर तोच शेरा काढून दाखवला जातो. वाचक दात-ओठ खातो, कारण भांडायला समोर माणूसच नाही. कादंबरीत असं काही असेल तर ती जमेची मोठी बाजू. फक्त मिशीवाला असेल तर तसं लिहा, पण मिशीवाल्यालाही एखादं खरं कारण दिलंय का ते आधी तपासा.

याच ओघात शिस्तीचं. नायिका हुकूम मोडून एकटी निघते, हा ठरलेला प्रसंग. आर्मी ॲक्टच्या कलम ४१ खाली वरिष्ठाची आज्ञा मोडणं हा गुन्हा आहे. चौकशी बसते, साक्षी होतात. हुकूम मोडल्याची किंमत कथेत कुठेतरी मोजलेली दिसली पाहिजे. थेट पदक मिळालं तर तो थरार फुकटचा.

पायरी ६ : तिची उणीव शोधा

पुस्तकाची नव्हे, नायिकेची. बिनचूक नायिका हा आजचा सगळ्यात पसरलेला रोग आहे. पूर्वी बाईला रडवायचे; आता तिला चुकूच देत नाहीत. दोन्हींत माणूस हरवतो.

इथे मला वडोदऱ्याशी नातं असलेली एक खरी बाई आठवते. नूर इनायत खान. वडील हजरत इनायत खान इथे वडोदऱ्यात १८८२ मध्ये जन्मले. पणजोबा मौलाबक्ष म्हणजे आपल्या गायनशाळेचे संस्थापक. नूर मॉस्कोत जन्मली, पॅरिसमध्ये वाढली, मुलांसाठी गोष्टी लिहायची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्त संघटनेची बिनतारी संदेशवाहक म्हणून तिला जून १९४३ मध्ये जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरवलं. प्रशिक्षकांतल्या काहींनी ती या कामाची नाही असे शेरे मारले होते. शस्त्रांची तिला भीती वाटायची. काही आठवड्यांतच पॅरिसमधलं तिचं जाळं कोलमडलं. परत ये म्हणत होते, ती आली नाही. संदेशयंत्राची पेटी घेऊन जागा बदलत ऑक्टोबरपर्यंत संदेश पाठवत राहिली. पकडली गेली. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

पण तिने एक चूक केली होती. पाठवलेल्या संदेशांच्या नकला ती वहीत ठेवायची. ती वही जर्मनांच्या हाती लागली, तिच्या नावाने लंडनला खोटे संदेश गेले आणि पुढे उतरवलेली माणसं सापळ्यात सापडली. तिने तोंड उघडलं नव्हतं. वहीने उघडलं.

ही गोष्ट मी प्रत्येक कादंबरीशेजारी ठेवते. अचाट धैर्य आणि घातक ढिलाई एकाच बाईत, आणि दोन्ही तिच्या कामातून आलेली. कादंबरीतल्या नायिकेची उणीव अशी आहे का? की ‘ती फार हट्टी होती’ किंवा ‘कॉफीशिवाय तिचं चालत नसे’ यावर भागवलंय? केतकी आपल्या माणसांच्या सह्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवते, आणि खोट्या भागांच्या पावतीवर खाली तिचीच सही निघते, तर कादंबरी उभी राहिली.

पायरी ७ : कोण कोणाला काय म्हणतं

मराठीतल्या किंवा मराठीत आणलेल्या कादंबरीत संवाद मोठ्याने वाचा. फौजेत अधिकारी सुभेदाराला ‘सुभेदार साहब’ म्हणतो, वय तिचं अठ्ठावीस आणि त्यांचं पंचेचाळीस असलं तरी, किंबहुना म्हणूनच. ‘ए सुभेदार, इकडे ये’ असं म्हणणारी मेजर दिसली की आमचे सुभेदारसाहेब पुस्तक मिटतात. जवान तिला मॅडम म्हणतो. हुकमाची, गमतीची, शिव्यांची भाषा हिंदी. सगळे जण शुद्ध पुणेरी बोलत असतील तर लेखकाने निदान कुठेतरी हिंदीचा सूर लावायला हवा होता. दुसरं टोकही असतं. सगळ्या प्रांतांतली माणसं असलेल्या कार्यशाळेत ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ अशी गर्जना घुमवणारा लेखक. ती मराठा लाइट इन्फंट्रीची युद्धघोषणा आहे. अंगावर काटा येतो हे खरं, पण चुकीच्या जागी.

आणि वर्णन. नायिका पहिल्यांदा समोर येते तो परिच्छेद वाचा. पुरुष पात्राचा हुद्दा आणि हालचाल सांगितली, हिचे मात्र डोळे, केस आणि वर्दीतली ठेवण, असं असेल तर ती ओळ परीक्षणात जशीच्या तशी द्या. टिप्पणी करायची गरज पडत नाही.

घर, नवरा, मूल, प्रेम यांबद्दल थोडक्यात. ते असावं की नसावं हा प्रश्न नाही. कथेच्या चाकाला ते कुठे लागतं एवढंच बघा. सुट्टी नाकारल्यामुळे मुलाच्या वाढदिवसाला न पोहोचलेली केतकी तोच राग चौकशीत काढते, तर लागलं. मूल फक्त फोटोफ्रेममध्ये असेल तर नसलं तरी चाललं असतं.

पायरी ८ : आता लिहा

दोन रकाने करून दोन्हींत पाच-पाच मुद्दे भरू नका. समसमान केलं की वाचकाला काहीच कळत नाही. टिपणं समोर ठेवून चुकांच्या तीन ढिगाऱ्या करा. एक, ज्याने काही बिघडत नाही : गोळ्यांची संख्या, एखादं साल. दोन, ज्याने विश्वास डळमळतो : लेहची धावपळ, सत्ताविशीतला कर्नल. तीन, ज्याने कणाच मोडतो : वळणं दुसऱ्याने घेतलेली, नायिकेला काम नसणं. पहिली ढिगारी एका वाक्यात उरका किंवा टाकून द्या. फौजी माहिती असलेले परीक्षक इथेच फसतात. पिस्तुलाच्या मॅगझिनवर दोन परिच्छेद आणि नायिकेवर दोन ओळी.

जमेच्या बाजूलाही हीच शिस्त. ‘वेगवान आहे’, ‘खिळवून ठेवते’ हे कोणत्याही थरारकथेबद्दल लिहिता येतं. आडव्या रेघांपैकी सगळ्यात ठळक एक निवडा आणि तिथे काय घडतं ते सांगा. केतकीच्या काल्पनिक कादंबरीबद्दल मी असं लिहीन :

‘नोंदवहीच्या प्रकरणात लेखक नायिकेला आठ पानं खुर्चीवरून उठू देत नाही, आणि तरीही या पुस्तकातला सगळ्यात मोठा ताण तिथेच आहे. कोणत्या गाडीला कोणता भाग बसला हे ती बोटाने शोधत जाते आणि वाचक तिच्या बोटाबरोबर. दुर्दैवाने गोदामाच्या दाराशी लेखकाचा तिच्यावरचा विश्वास संपतो. तिथून पुढे कॅप्टन शोधतो, कॅप्टन सोडवतो, कॅप्टन गोळी झाडतो. आणि ज्या बाईने घोटाळा हुडकला ती शेवटची साठ पानं त्याच्या मागे धावते.’

यात एक जमेची बाजू, एक उणीव, दोन्ही पानावर बोट ठेवून. खलनायकाचं नाव आणि शेवट फोडू नका. कॅप्टन गोळी झाडतो हे सांगूनही कोणावर झाडतो हे सांगावं लागत नाही. ‘पुरुषांच्या तोडीची’, ‘रणरागिणी’, ‘नाजूक पण कणखर’ हे शब्द मसुद्यात आले असतील तर खोडा आणि त्या जागी तिने काय केलं ते क्रियापद घाला.

मसुदा दोघांना वाचायला द्या : एक फौजेतलं माणूस, एक थरारकथांचं वेड असलेलं. पहिला चुका दाखवेल. दुसरा कुठे कंटाळला ते विचारा, आणि तेवढा भाग कापा. आमच्याकडे हे काम त्याच शनिवारी होतं; सुभेदारसाहेब चष्मा लावून मसुदा घेतात, एमएसयूची मुलगी त्यांच्या खांद्यावरून वाचते, आणि दोघांचं एकाच ओळीवर कधी एकमत होत नाही. तोवर मी शेवउसळीचा रस्सा पुन्हा गरम करते.